फळ दुसऱ्याच्या हाती

कर्म आणि फळ यांच्या संबंधाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु त्या चर्चेत एक गोष्ट बहुधा गृहीत धरलेली असते. ती ही की, ज्याने कर्म केले त्याच्याच पुढ्यात फळ येऊन पडते, आणि मग ते घ्यावे की टाकावे, त्याची इच्छा धरावी की न धरावी, एवढाच प्रश्न त्याच्यापुढे उरतो. व्यवहारात पाहू गेल्यास असे क्वचितच घडते. बहुतेक माणसांचे कर्म अर्ध्यावर दुसऱ्याच्या हाती जाते आणि तेथे पूर्ण होते, किंवा बिघडते. पाया भरणाऱ्या गवंड्यास कळस पाहावयास मिळतोच असे नाही. मुळाक्षरे गिरवून घेणाऱ्या पंतोजीस आपला विद्यार्थी पुढे काय लिहितो हे कळतेच असे नाही. अशा माणसाच्या कर्माचे मोल कशावरून ठरवावयाचे? त्याच्या वाट्याचे श्रेय कोणते आणि दोष कोणता? आणि ज्याच्या हाती फळ पडले त्याच्यावर पहिल्या माणसाचे ऋण कितपत राहते?

या प्रश्नांचा विचार करण्यासाठी आम्ही आज वाचकांस जरा दूरच्या देशात आणि एका अपरिचित खेळाच्या मैदानावर नेणार आहो. गंभीर विषयास खेळाचे उदाहरण घेतल्याबद्दल कोणी रागावू नये. खेळात नियम स्पष्ट असतात, काळ मर्यादित असतो, आणि जे घडते ते हजारो साक्षीदारांसमोर घडते. म्हणूनच संसारात धूसर दिसणारे नैतिक संबंध तेथे पुष्कळ रेखीव दिसतात.

मेलबर्न येथील क्रीडांगणाचे नाव क्रिकेटमुळे मराठी वाचकांच्या चांगल्या परिचयाचे आहे. तेथील उन्हाळा सरला की त्याच हिरवळीवर एक निराळा खेळ सुरू होतो. क्रिकेटच्या खेळाडूंची शरीरे हिवाळ्यात शिथिल होऊ नयेत म्हणून काही तरी खेळ असावा, असे टॉम विल्स या क्रिकेटपटूने १८५८ साली एका नियतकालिकास पत्र लिहून सुचविले. आणि पुढच्याच वर्षी, १८५९ च्या मे महिन्यात, मेलबर्नच्या क्लबाने या नव्या फुटबॉलचे नियम लिहून काढले. व्हिक्टोरियन फुटबॉल लीगचा पहिला हंगाम १८९७ साली झाला. १९९० साली त्याच लीगने ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग हे नाव धारण केले. मैदान लंबवर्तुळाकार, चेंडूही लांबोडा, प्रत्येक बाजूस अठरा गडी, आणि दोन्ही टोकांस चार चार उंच खांब. मधल्या दोन खांबांमधून लाथेने चेंडू पार केला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. चेंडू हातात घेऊन धावता येते. मात्र सोबत्याकडे तो फेकता येत नाही, एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसावा लागतो.

या खेळाचा आरंभ मैदानाच्या मध्यबिंदूवर होतो. पंच तेथे चेंडू जमिनीवर जोराने आपटी आणि तो उंच उसळे; ही जुनी चाल सोडून २०२६ च्या हंगामापासून चेंडू सरळ वर फेकावा असे २०२५ साली ठरले. चेंडू वर गेला की दोन्ही पक्षांकडील एकेक उंच गडी त्यासाठी झेप घेतो. या गड्यास रकमॅन म्हणतात. रक म्हणजे दाटी किंवा घोळका. चेंडू झेलून पळत सुटणे हे त्याचे मुख्य काम नव्हे. हवेत प्रतिस्पर्ध्याशी छातीस छाती भिडवून, बोटांच्या टोकांनी किंवा तळव्याने त्याने चेंडूस असा स्पर्श करावयाचा असतो की, खाली चपळाईने फिरणाऱ्या आपल्या सोबत्याच्या, म्हणजे रोव्हरच्या, हाती तो पडावा. प्रत्येक गोलानंतर चेंडू पुन्हा मध्यावर येतो आणि ही झेप पुन्हा घ्यावी लागते. चेंडू घोळक्यात अडकला किंवा सीमेबाहेर गेला तरीही तेच. तिसऱ्या कोणी मध्येच उडी घेऊन या द्वंद्वात भाग घेण्यास २०१७ पासून मनाई आहे. एका सामन्यात कित्येक वेळा झेप घ्यावयाची, चेंडूस क्षणभर शिवावयाचे, आणि तो दुसऱ्याच्या हाती गेलेला पाहावयाचा, हाच रकमॅनचा व्यवसाय.

या व्यवसायाची वाटचाल इतर खेळाडूंच्या वाटचालीहून काहीशी निराळी असते. तिचा आरंभ उंचीपासून होतो, आणि उंची ही जन्माने मिळते. तीत कोणाचेच कर्तृत्व नाही. फ्रीमँटल संघाचा आरन सँडिलँड्स २११ सेंटिमीटर, म्हणजे सात फुटांस एकच इंच कमी, एवढा उंच होता. परंतु उंच शरीर सावकाश पक्व होते. लीगमधील संघ अठराव्या वर्षीच होतकरू मुलांची निवड करितात. रकमॅन मात्र पंचविशीच्या आसपास खऱ्या अर्थाने तयार होतो. त्यामुळे अशा मुलाकडे आरंभी संघ जरा साशंकपणेच पाहतात. स्वतः सँडिलँड्स आणि वेस्ट कोस्ट संघाचा डीन कॉक्स हे दोघेही मुख्य निवडीतून नव्हे, तर नवशिक्यांच्या जोडयादीतून आपापल्या संघात शिरले. पुढे सँडिलँड्स २७१ आणि कॉक्स २९० सामने खेळला. २००६ च्या विजेत्या संघात कॉक्स होता. म्हणजे या व्यवसायात प्रथम काही वर्षे वाट पाहण्यात जातात, मग काही वर्षे झेपा घेण्यात जातात, आणि शेवटची वर्षे झेपांनी झिजलेल्या गुडघ्यांची निगा राखण्यात जातात. आम्ही या खेळाची चलच्चित्रे प्रथम पाहिली तेव्हा आमचीही दृष्टी गोल करणाऱ्याच्या मागे धावली, हे कबूल केले पाहिजे. चेंडू त्याच्यापर्यंत पोचला कसा, हे पाहण्यासाठी चित्र मागे न्यावे लागले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कोणी म्हणेल, 'यात विचार करण्यासारखे काय आहे? हा तर निष्काम कर्माचा मूर्तिमंत दाखला. फळ दुसऱ्यास देऊन हा पुन्हा कर्मास सिद्ध!' हे समीकरण जितके आकर्षक तितकेच फसवे आहे असे आम्हांस वाटते. रकमॅन निष्काम मुळीच नसतो. आपल्या संघाने जिंकावे अशी त्याची उत्कट इच्छा असते. ती नसती तर प्रतिस्पर्ध्याचा गुडघा आपल्या मांडीत शिरेल हे ठाऊक असून तो उडालाच नसता. शिवाय आजचा रकमॅन पूर्णवेळ वेतन घेणारा व्यावसायिक असतो, आणि वेतनाची इच्छा ही काही वैराग्याची खूण नव्हे. तेव्हा येथे फळाची इच्छा आहे. नाही ती फक्त फळावरील मालकी. फळ यावे, पण ते माझ्याच हाती यावे असा हट्ट नाही, ही मनाची तिसरीच अवस्था होय. स्वार्थी मनुष्य फळही इच्छितो आणि मालकीही. विरक्त पुरुष दोन्ही सोडतो. या दोहोंच्या मध्ये जो उभा आहे, जो फळासाठी तळमळतो आणि तरीही ते दुसऱ्याच्या ओंजळीत घालतो, त्याच्यासाठी आपल्या नीतिचर्चेत पुरेसे शब्द नाहीत. आणि संसार तर मुख्यतः अशाच माणसांच्या जोरावर चालतो.

मालकी सोडली म्हणजे जबाबदारीही सुटली काय? या प्रश्नाचे उत्तर या खेळाच्या हिशेबनिसांनी मोठ्या मार्मिकपणे दिले आहे. रकमॅनने झटापटीतून चेंडू बाहेर मारला की त्याच्या नावावर एक हिट-आउट मांडतात. खाली तो कोणाच्या हाती लागला हे त्या मोजणीत पाहत नाहीत. परंतु पुढे याने समाधान होईना, म्हणून दुसरी एक मोजणी करू लागले: जो हिट-आउट हेतुपूर्वक आपल्याच गड्यापर्यंत पोचला तेवढाच तीत धरावयाचा. या दोन मोजण्यांमधील अंतर हे केवळ आकड्यांचे नव्हे. पहिली मोजणी म्हणते, 'तू आपले काम केलेस, पुढचे पुढच्याने पाहावे.' दुसरी म्हणते, 'ज्याच्यासाठी केलेस त्याच्यापर्यंत ते पोचले काय?'

हा फरक ज्याच्या खेळाने सर्वांच्या डोळ्यांत भरविला तो ग्रॅहम फार्मर. त्यास सर्वजण 'पॉली' म्हणत. १९३५ साली जन्मलेला हा नूंगार जमातीचा मुलगा पर्थ येथील एका अनाथालयवजा संस्थेत वाढला, ईस्ट पर्थ संघाकडून नावारूपास आला आणि १९६२ साली व्हिक्टोरियातील जिलाँग संघात दाखल झाला. पुढच्याच वर्षी तो संघ विजेता ठरला. चेंडू जोराने पुढे ठोसून देणे यावरच त्या काळचे पुष्कळ रकमॅन समाधान मानीत. फार्मर प्रतिस्पर्ध्याच्या क्षणभर आधी उडे, आणि हवेत असतानाच बिली गॉगिन हा त्याचा रोव्हर कोठे धावत आहे ते हेरून चेंडू त्याच्या वाटेवर ठेवी. मुठीने चेंडू देण्याचा सराव तो मोटारीच्या उघड्या खिडकीतून चेंडू आरपार घालवून करीत असे, असे सांगतात. १९९६ साली लीगने शतकातील सर्वोत्तम संघ जाहीर केला तेव्हा रकमॅनची जागा त्यास दिली.

आपल्याकडे दानधर्माच्या विचारात सत्पात्री दानाची मोठी महती सांगितली आहे. घेणारा योग्य आहे की नाही हे देणाऱ्याने पाहावे, असा त्याचा आशय. फार्मरच्या कलेत दिसते ते याहून अधिक कठीण असे काही आहे. पात्राची योग्यता पाहून तो थांबत नाही. पात्र या क्षणी कोठे उभे आहे, त्याचा हात कोठवर पोचेल, त्यास धावता धावता घेता येईल काय, हे तो पाहतो. देणे हातातून सुटल्याने पुरे होत नाही. घेणाऱ्यास घेता आले म्हणजे पुरे होते. विद्यार्थ्याच्या डोक्यावरून जाणारे विद्वत्तापूर्ण व्याख्यान देऊन घरी जाणारा अध्यापक पहिल्या मोजणीत उत्तीर्ण होतो. दुसऱ्या मोजणीत त्याच्या नावावर काहीच जमा होत नाही. फळावर मालकी नसली तरी फळाकडे लक्ष असलेच पाहिजे, हा आमचा पहिला निष्कर्ष.

पण येथेच एक अन्याय डोके वर काढतो. अशा माणसाचे गुण समूहाच्या यशात मिठासारखे विरघळून जातात. दोष मात्र खड्यासारखा दाताखाली येतो आणि त्याच्याच नावाने ओळखला जातो. जिम स्टाइन्स याची हकीकत या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. तो १९६६ साली डब्लिन येथे जन्मला आणि आयर्लंडमधील गेलिक फुटबॉल खेळत मोठा झाला. तेथील चेंडू वाटोळा, नियम निराळे. मेलबर्नच्या संघाने आयर्लंडमधून तरुण खेळाडू आणून त्यांस आपला खेळ शिकविण्याचा प्रयोग केला, त्यातून १९८४ साली तो ऑस्ट्रेलियात आला आणि रकमॅन झाला. १९८७ साली त्याचा संघ तेवीस वर्षांनंतर प्रथमच अंतिम फेऱ्यांत पोचला होता. हॉथॉर्नविरुद्धच्या उपान्त्य सामन्यात, शेवटचे क्षण उरले असता, गॅरी बकेनारा या प्रतिपक्षीयास मुक्त लाथ मिळाली. चेंडू मारणारा आणि त्याच्यासमोरचा गडी यांच्यामधून आडवे धावू नये, असा नियम आहे. एकवीस वर्षांचा स्टाइन्स नेमका तेथून धावला. पंचाने दंड म्हणून पंधरा मीटर अंतर पुढे दिले. त्या पंधरा मीटरांनी गोल आटोक्यात आला. खेळ संपल्याचा भोंगा वाजला, त्यानंतर बकेनाराने ती लाथ मारली, आणि मेलबर्नचा संघ दोन गुणांनी हरला.

त्या दिवशीच्या साऱ्या खेळात इतर कोणाच्याच हातून चूक झाली नसेल काय? दोन गुणांचा तो तोटा ज्या अनेक कारणांनी घडला, त्यांतील किती जणांची नावे आज कोणास आठवतात? स्टाइन्सने तोपर्यंत कितीदा चेंडू सोबत्याच्या हाती दिला असेल, ते सर्व संघाच्या खाती जमा झाले. आडवे धावणे मात्र त्याच्या एकट्याच्या नावे खर्ची पडले. हा हिशेब न्याय्य नाही, हे कोणीही मान्य करील. तथापि तो बदलणे चुकलेल्या माणसाच्या हाती नसते. त्याच्या हाती एवढेच असते की, हिशेब अन्यायाचा आहे म्हणून पुढची झेप नाकारावयाची की घ्यावयाची. स्टाइन्सने ती घेतली. १९८७ पासून १९९८ पर्यंत तो एकही सामना न चुकविता लागोपाठ २४४ सामने खेळला. लीगच्या इतिहासात हा विक्रमच ठरला. १९९१ साली लीगमधील सर्वोत्तम व सद्वर्तनी खेळाडूस मिळणारे ब्राउनलो पदक त्यास मिळाले. १९९४ साली त्याने एका सहकाऱ्यासह तरुण मुलांसाठी 'रीच' ही संस्था काढली. २००८ साली कर्जात बुडालेल्या आपल्या जुन्या क्लबाचे अध्यक्षपद पत्करले. २००९ साली कर्करोग झाल्याचे कळूनही ते काम चालविले, आणि २० मार्च २०१२ रोजी तो वारला.

या उत्तरायुष्याने १९८७ ची चूक धुऊन निघाली, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु आम्ही तसे म्हणत नाही. झालेली चूक झालेलीच राहते. दोन गुण परत येत नाहीत, आणि त्या संघातील ज्या गड्यांस पुढे तशी संधी मिळाली नाही त्यांचे नुकसान भरून निघत नाही. मनुष्याच्या आयुष्याची वही अशी जमाखर्चाने जुळत नसते. स्टाइन्सने दाखविले ते एवढेच की, दोष एकट्याच्या नावावर राहिला तरी देण्याची सवय सोडण्याचे ते कारण होत नाही. आमच्या मते हे प्रायश्चित्ताहून मोठे आहे. प्रायश्चित्तात मनुष्याचे लक्ष अजून स्वतःच्याच डागाकडे असते; येथे ते पुन्हा घेणाऱ्याच्या हाताकडे वळलेले असते.

आता राहिला ऋणाचा प्रश्न. आणि तो सर्वांत कठीण आहे, कारण तो देणाऱ्यास नव्हे, तर घेणाऱ्या आपणा सर्वांस विचारलेला आहे. पॉली फार्मर २०१९ च्या ऑगस्टमध्ये वारला. आयुष्याची अखेरची काही वर्षे त्यास स्मृतिभ्रंशाने ग्रासले होते. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूची परीक्षा करण्यात आली, आणि डोक्यास वारंवार बसणाऱ्या आघातांशी संबंध असलेला, मृत्यूनंतरच निश्चित ओळखता येणारा असा मेंदूचा एक विकार त्यास जडला होता, असे २०२० साली जाहीर झाले. या खेळातील खेळाडूच्या ठायी हा विकार निश्चितपणे आढळल्याचे ते पहिलेच उदाहरण. पर्थ शहरात त्याच्या नावाचा एक महामार्ग २००० सालापासून आहे. शहराने त्याचे नाव स्मरणात ठेवले. परंतु त्याची स्वतःची स्मृती त्यास अखेरपर्यंत पुरली नाही.

यावर कोणी म्हणेल, 'त्यास कोणी सक्ती केली होती? तो स्वेच्छेने खेळला, त्याने कीर्ती मिळविली, मोबदला घेतला. हिशेब पुरा झाला.' हा युक्तिवाद वरवर निर्दोष दिसतो, पण त्यात दोन उणिवा आहेत. पहिली अशी की, संमती ही माहीत असलेल्या धोक्यास देता येते. गुडघा मोडेल, बरगडी दुखावेल, हे खेळाडू जाणतो आणि पत्करतो. पण चाळीस पन्नास वर्षांनंतर आपल्या मेंदूचे काय होईल, हे १९६३ साली ना खेळाडूस ठाऊक होते, ना त्याच्या संघास, ना टाळ्या वाजविणाऱ्यांस. जे कोणासच ठाऊक नव्हते त्यास फार्मरने संमती दिली होती, असे कसे म्हणावे? दुसरी उणीव अशी की, वेतनाने श्रमाची किंमत चुकती होते. श्रमात खर्ची पडलेल्या शरीराची होत नाही. खाल्ल्या मिठास जागावे, ही शिकवण आपल्याकडे चाकरास पिढ्यान् पिढ्या दिली गेली. परंतु ज्याने चाकराचा घाम खाल्ला त्यानेही त्यास जागावे, हे धन्यास तितक्या आग्रहाने कोणी सांगितले नाही. प्रेक्षक हा येथे धनीच होय. त्याच्या तिकिटाच्या पैशावर हा सारा खेळ उभा आहे. देणारा आनंदाने देतो, म्हणून घेणाऱ्याचे ऋण कमी होत नाही. उलट वाढतेच, कारण आनंदाने देणारा वसुलीस कधीच येत नाही.

मग हे ऋण फेडावयाचे कसे? हारतुरे, पुतळे, रस्त्यांची नावे यांस आम्ही तुच्छ मानीत नाही; पण ती स्मरणाची साधने आहेत, परतफेडीची नव्हेत. परतफेडीचा एक लहानसा नमुना याच खेळात सापडतो. पूर्वी रकमॅन मध्यबिंदूकडे लांबून धावत येऊन झेप घेत, आणि हवेत एकाचा गुडघा दुसऱ्याच्या नडगीवर आदळून गुडघ्यातील मागचा स्नायुबंध तुटे. या दुखापती वाढल्या तेव्हा २००५ साली लीगने मध्यभागी दहा मीटर व्यासाचे एक वर्तुळ आखले, आणि त्याच्या आतूनच झेप घ्यावी असा नियम केला. धाव आखूड झाली, आघाताचा जोर ओसरला, आणि या विशिष्ट दुखापती पुढे कमी झाल्या. लांबून धावत येऊन घेतलेल्या त्या भव्य झेपा गेल्याबद्दल जुन्या रसिकांस हळहळ वाटली असेल तर नवल नाही. परंतु आमच्या दृष्टीने त्या हळहळीतच परतफेडीची खरी खूण आहे. ज्यात घेणाऱ्याने आपल्या सुखाचा काही अंश सोडला नाही, ती परतफेड कसली? ज्यांचे गुडघे आधीच मोडले होते त्यांस त्या वर्तुळाचा काही उपयोग झाला नाही, हेही खरे. मागच्यांचे ऋण पुष्कळदा पुढच्यांसच फेडावे लागते.

आरंभीच्या प्रश्नांची उत्तरे आता थोडक्यात देता येतील. ज्याचे कर्म दुसऱ्याच्या हाती पूर्ण होते त्याचे मोल, घेणाऱ्यास त्याने किती घेण्याजोगे दिले यावरून ठरवावे. त्याचा दोष त्याच्या नावावर राहील आणि गुण राहणार नाहीत, हा अन्याय जाणूनही त्याने पुन्हा द्यावे. आणि हे जग त्यास सक्तीने सांगू शकत नाही, तो स्वतःच स्वतःस सांगू शकतो. घेणाऱ्याने मात्र, देणाऱ्याने मागितले नाही या सबबीवर स्वस्थ बसू नये. पहिली दोन कर्तव्ये पार पाडणारी माणसे आम्हांस या दूरच्या खेळात भेटली, तशी ती आपल्या घरीदारी, शाळांत आणि कचेऱ्यांतही भेटतात. तिसरे कर्तव्य आपल्या वाट्याचे आहे, आणि त्याचा आरंभ चित्र थोडे मागे नेऊन, चेंडू आपल्यापर्यंत कोणी पोचविला हे पाहण्यापासून करावा लागतो.